आबा, पोरगी अंतराळात जाते म्हणतीय

या खेपेचं पत्र सांगलीच्या विश्रामबागेतनं आलंय. नाव नको म्हणालीय म्हणून टाकत नाही. पत्र लांबलचक आहे, कामाचं तेवढं देतो.

"आबा, माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. शुभांशु शुक्ला स्पेस स्टेशनवर जाऊन आले तेव्हापासनं तिनं एकच धरलंय, एनडीएला जायचं, मग हवाई दलात आणि मग अंतराळात. आमचे हे म्हणतात एवढं लांबचं आत्ता कशाला बघायचं. सासूबाई म्हणतात त्या कल्पना चावलाचं काय झालं विसरलात काय. मी तेव्हा कॉलेजला होते, आकाशात जळत जाणारे तुकडे टीव्हीवर दाखवलेले अजून डोळ्यासमोर आहेत. आता खरं सांगते, फॉर्म भरताना ओटीपी माझ्या मोबाईलवर आला तो मी तिला दिलाच नाही. मेसेज डिलीट केला आणि रेंज नाही म्हणाले. दोन दिवस तसंच केलं, शेवटची तारीख गेली. तिला वाटतंय साईट बंद होती. आबा, यात खरंच किती धोका असतो? आपलं माणसं नेणारं गगनयान सुरक्षित असेल का? आणि मी चुकले का? तुम्ही आयुष्यभर बॉयलरवर होता म्हणून तुम्हालाच विचारते. ता. क. तुमचं उत्तर तिला दाखवू का?"

पोरी, "चुकले का" याचं उत्तर आधी देतो, ते सगळ्यात सोपं आहे. होय, चुकलीस. भीती वाटली त्याबद्दल कोण तुला नावं ठेवणार नाही, माझी नात असती तर मलाही वाटली असती, पण "मला भीती वाटतीय" हे पोरीला तोंडावर सांगायचं सोडून सगळं रेंजवर ढकललंस ते काय बरोबर नव्हं. त्यावर मागनं येतो. आधी धोक्याचं बोलू, त्यावर मला बरंच बोलायचंय, चहा ठेव आणि बस.

गुळमुळीत सांगत नाही. कल्पना चावला ज्यात गेली ते अमेरिकेचं शटल ३० वर्षांत १३५ वेळा उडालं आणि दोनदा परत आलं नाही, दोन्ही वेळेला सात-सात माणसं गेली. म्हणजे साधारण ६७ फेऱ्यांत एक. हे किती वाईट आहे ते असं समज, सांगली-पुणे एसटी रोज एकच सुटते आणि दर सव्वादोन महिन्याला त्यातली एक पुण्याला पोचतच नाही. बसशील का तू? मी तर स्टँडकडं फिरकणार पण नाही. यान आकाशात असताना आजवर चार मोठे अपघात झाले, रशियाचं सोयुझ १ (१९६७) आणि सोयुझ ११ (१९७१), अमेरिकेच्या शटलपैकी चॅलेंजर (१९८६) आणि कोलंबिया (२००३), त्यात मिळून १८ जण गेले, आणि वर जाऊन आलेली माणसं आहेत तरी किती, सहाशेच्या वर काहीतरी. तेव्हा सासूबाईंना अडाणी म्हणू नको, त्यांची भीती हिशोबाला धरून आहे. आता नासानं खाजगी कंपन्यांच्या यानांना अट घातली ती २७० मोहिमांत एक अशी, म्हणजे अख्ख्या मोहिमेत माणसं गमवायची शक्यता यापेक्षा जास्त चालणार नाही. सुधारलंय म्हणायचं, पण एसटीची बरोबरी व्हायला अजून लई अवकाश आहे.

पण या आकड्यांचीच एक गंमत सांगतो. चॅलेंजर फुटल्यावर जी चौकशी समिती बसली त्यात रिचर्ड फाइनमन होते, नोबेलवाले. त्यांनी विचारत फिरायला सुरवात केली की बाबांनो तुमच्या मते अपघाताची शक्यता किती. वरचे साहेब लोक म्हणाले लाखात एक. खाली इंजिनला हात लावणारे इंजिनिअर म्हणाले शंभरात एक. एकच यान, एकच संस्था, आणि आकड्यात हजारपटीचा फरक! खरं काय निघालं ते वर सांगितलंच, ६७ ला एक. हात काळे होणाऱ्या माणसांचा अंदाज जवळ निघाला. मला याचं जराही आश्चर्य वाटलं नाही, का ते सांगतो.

बॉयलरला आतलं पाणी किती आहे ते बघायला काचेची नळी असते, गेज ग्लास म्हणतात. नवीन पोरगं ड्युटीवर आलं की मी पहिल्या दिवशी त्याला एकच गोष्ट दाखवायचो, की काच पूर्ण रिकामी असली काय आणि वरपर्यंत भरलेली असली काय, दोन्ही सारख्याच दिसतात. मधे पाण्याची रेघ दिसली तरच खरं, रेघ दिसेना झाली की पाणी वर गेलंय का खाली ते नुसतं बघून सांगता येत नाही, कॉक उघडून ग्लास उडवून बघावाच लागतो. आता यान सुखरूप परत आलं की तेही या काचेसारखंच असतं बघ. ते चांगलं होतं म्हणून आलं का नशीब चांगलं होतं म्हणून आलं, बाहेरनं सारखंच दिसतं, टाळ्या दोन्हीला सारख्याच पडतात. साहेब लोक टाळ्या मोजतात. ग्लास उडवून बघायचं काम कोणीतरी खालचा करत असतो.

मी ३१ वर्षं साखर कारखान्यात काढली. कारखान्याचं नाव लिहीत नाही, उगीच कोणाला त्रास नको. एका सीझनला आमच्या ४५ किलो दाबाच्या बॉयलरची लो लेव्हल ट्रिप सारखी वाजायची. ही ट्रिप म्हणजे काय, तर पाणी धोक्याच्या खाली गेलं की ती आपोआप बगॅस, म्हणजे जळणाचं उसाचं चिपाड, आत टाकणं बंद करते, बॉयलर वाचतो. पण ती पाणी नीट असतानाही उगीचच उडायला लागली, दर वेळेला कारखाना बसायचा, बाहेर उसाच्या गाड्यांची लाईन हायवेपर्यंत, ऊस वाळतोय, शेतकरी बोंबलतायत, वरनं फोन. मग एक दिवस साहेब म्हणाले, ट्रिप बायपास करा, तिच्याशिवाय चालवा, सीझन संपला की बघू. मी म्हटलं साहेब नको. ते म्हणाले आबा, तुम्ही आहात की काचेकडं बघायला. झालं, केली बायपास. वीस-बावीस दिवस काहीही झालं नाही. रोज काही झालं नाही म्हणजे रोज साहेब जास्त बरोबर आणि मी जास्त भित्रा, असा हिशोब चालू. मग एका रात्री अडीचला बॉयलरला पाणी देणारा फीड पंप बसला, अलार्म पण नाही कारण तोही त्याच वायरवर, मी सहज मान वर केली तर काचेत रेघ नाही. ग्लास उडवला, पाणी नाही. बगॅसचे फीडर बंद केले, आणि शेजारचा पोरगा दुसरा पंप सुरू करायला पळाला त्याला अक्षरशः कॉलर धरून मागं ओढला, कारण तापून लाल झालेल्या ट्यूबवर गार पाणी सोडलं की मग आम्ही कोण तुला पत्राचं उत्तर द्यायला उरलो नसतो. सात तास कारखाना बंद राहिला. आणि आठवड्यानं मला काय मिळालं माहितीय का? मेमो. सात तासांच्या नुकसानीचा.

आता चॅलेंजरचं ऐक. २७ जानेवारी १९८६ ची संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी उड्डाण, फ्लोरिडात कधी नव्हे ती थंडी, रात्रीत बर्फ धरलेलं. शटलच्या बाजूला जे दोन मोठे बूस्टर असतात त्यांच्या जोडात रबराचे गोल ओ-रिंग असतात, आतला गरम गॅस बाहेर येऊ नये म्हणून, आपल्या कुकरची रिंग असते तसं समज. थंडीत रबर कडक पडतं, वेळेवर फुगत नाही. बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनिअरांनी, त्यात रॉजर बोइजोली पुढं होता, फोनवर तासन् तास सांगितलं की १२ डिग्रीच्या खालचा आमच्याकडं अनुभव नाही, उडवू नका. बोइजोलीनं तर सहा महिने आधीच लेखी कळवलं होतं की या जोडामुळं माणसं जातील. नासाच्या लोकांना ते आवडलं नाही. मग कंपनीतल्या मोठ्या साहेबानं इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगितलं की आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. त्यानं टोपी बदलली. सकाळी यान उडालं आणि ७३ व्या सेकंदाला फुटलं. फाइनमननी नंतर टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात त्या रबराचा तुकडा बुडवून दाखवला, चिमट्यातनं काढला तर लगेच मूळ आकाराला येईना. एवढी साधी गोष्ट. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचा मेमो आठवला, आणि हो, बोइजोलीला पण कंपनीत नंतर कोणी धड बोलेना, शेवटी त्यानं नोकरी सोडली.

कोलंबियाचं, म्हणजे कल्पना ज्यात होती त्याचं म्हणशील तर तिथं माझीच लाज निघते. १६ जानेवारी २००३ ला उडताना ८२ सेकंदांनी इंधनाच्या मोठ्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटला, पाऊण किलोच्या आसपास, थर्माकोलसारखा हलका, आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. फोम आधीच्या उड्डाणांतही पडायचा, यानाला उष्णतेपासनं वाचवणाऱ्या फरशा खरवडायच्या, पण यान परत यायचं, म्हणून तो धोका न राहता दुरुस्तीच्या यादीतली एक ओळ होऊन बसला. खालच्या इंजिनिअरांनी मागणी केली की वर असतानाच त्या पंखाचे फोटो घ्यायची काहीतरी सोय करा. वरच्यांनी ती पुढं जाऊ दिली नाही. सोळा दिवसांनी १ फेब्रुवारीला खाली येताना त्या भोकातनं आग आत शिरली. पुढं चौकशीवाल्यांनी तसाच फोम तेवढ्याच वेगानं, म्हणजे ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास, तसल्याच पंखावर मारून बघितला तर हातभर भोक पडलं, बघणारे गार. तोवर कोणाचा विश्वास नव्हता की थर्माकोल असं करू शकतो.

आणि माझी लाज कसली, तर मी गावभागात राहतो. २००५ च्या पुरात कृष्णामाई आमच्या तिसऱ्या पायरीवर आली आणि थांबली. आयर्विन पुलावर ४५ फुटाला धोक्याची पातळी लिहिलीय ती काय शोभेला नाही, तेव्हा पाणी ५३ च्या वर गेलं होतं, तरी घरात नाही आलं. मग ऑगस्ट २०१९ ला आमची ही दोन दिवस मागं लागली होती की चला कुपवाडला भावाकडं, आणि मी, ३१ वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस, खुर्चीत बसून सांगत होतो, अगं तिसऱ्या पायरीच्या वर येत नाही आपल्याकडं. ५७ फुटांच्या वर गेलं. माडीवरनं बोटीत उतरलो, ती एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागलं. सांगायचं काय, अमेरिकेतले साहेब काय राक्षस नव्हते, तिसऱ्या पायरीवर विश्वास ठेवणारे माझ्यासारखेच होते.

म्हणून तू मला विचारलंस ना की आपलं गगनयान सुरक्षित असेल का, तर मी यान बघत नाही. थांबा म्हणणाऱ्या माणसाचं काय होतं ते बघतो. ऐकतात का मेमो देतात.

यातली अलीकडची उदाहरणं बरी आहेत, ती सासूबाईंनाही सांग. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जून २०२४ ला बोइंगच्या स्टारलायनरमधनं गेले, आठवडाभराचं काम, वर पोचता पोचता थ्रस्टर बंद पडले, हेलियम गळायला लागला. मोठी कंपनी, नाव जाण्याची वेळ, तरी नासानं ठरवलं की यात माणसं बसवून खाली आणायची नाहीत. यान सप्टेंबरात रिकामं आणलं, ते नीट उतरलं सुद्धा, आणि लोक म्हणाले बघा उगीच घाबरले. काच आठवतीय ना? नीट उतरलं म्हणून बसवायला हरकत नव्हती असं ठरत नाही. ते दोघं २८६ दिवस राहून दुसऱ्या यानातनं आले, आपल्याकडं १९ मार्च २०२५ ची पहाट होती, मी जागा होतो. टीव्हीवाले "अडकली अडकली" ओरडत होते, मला तर त्या नऊ महिन्यांत कोणीतरी बायपास करायला नाही म्हटलंय हेच दिसत होतं.

शुभांशुच्या वेळचं तर तुझ्या पोरीला पाठच असेल. उड्डाण किती वेळा पुढं गेलं, त्यात एकदा कारण होतं रॉकेटमधली लिक्विड ऑक्सिजनची गळती, आणि तिथं गेलेल्या इस्रोच्या टीमनं गळती पूर्ण दुरुस्त करून परत तपासल्याशिवाय नाही असा हट्ट धरला. रॉकेट दुसऱ्याचं, जागा दुसऱ्याची, आपण तिकीट काढून गेलेले पाहुणे, तरी नाही म्हणाले. मग २५ जून २०२५ ला उडालं. ही बातमी वाचून मला जेवढं बरं वाटलं तेवढं प्रत्यक्ष उड्डाण बघूनही वाटलं नाही.

गगनयानाची दुसरी गोष्ट बघायची ती म्हणजे पळायची वाट. शटलच्या त्या दोन्ही उड्डाणांत अशी वाटच नव्हती, रॉकेटला काही झालं की आतल्यांनी काय करायचं याला उत्तर नाही. रशियाच्या सोयुझला पहिल्यापासनं टोकाला एक छोटं रॉकेट असतं, खाली गडबड झाली की माणसांची डबी तेवढी उपसून लांब नेतं. १९८३ ला लाँचपॅडवरच आग लागली तेव्हा दोघं त्यानं वाचले. ११ ऑक्टोबर २०१८ ला उडाल्यावर दोन मिनिटांनी बाजूचा बूस्टर नीट सुटला नाही, जोडणी करताना एक सेन्सर वाकला होता म्हणे, तर तिथंही डबी आपोआप वेगळी झाली, आत बसलेले ओव्हचिनिन आणि हेग सुखरूप खाली, आणि पुढच्या मार्चला दोघं परत वर गेले सुद्धा. बायकांनी घरी काय ऐकवलं असेल ते सोड. पण ही शिस्त फुकट आलेली नाही. सोयुझ ११ च्या तिघांच्या वेळेला खाली येताना हवेच्या दाबाची एक झडप चुकीच्या वेळी उघडली, एवढीशी झडप, आणि अंगात प्रेशर सूट नव्हते कारण सूट घालून तिघं त्यात मावत नव्हते. यान आपोआप अलगद उतरलं, लोकांनी दार उघडलं तर आत तिघंही गेलेले. मी सेफ्टी व्हॉल्व्हवर जन्म काढला, मला ही गोष्ट कधी नीट झोपू देत नाही. त्यानंतर सूट सक्तीचे झाले, पुढची बरीच वर्षं तिघांच्या जागी दोघंच जायचे. १९७१ पासनं आजपर्यंत सोयुझमध्ये एकही जीव गेला नाही.

आपल्या लोकांनी ही वाट माणसं बसवायच्या आधीच बांधायला घेतली. जुलै २०१८ ला श्रीहरिकोट्याला जमिनीवरनंच डबी उचलून बघितली. मग २१ ऑक्टोबर २०२३ ला चालत्या रॉकेटवरनं, साधारण १२ किलोमीटर उंचीवर, डबी सोडवून पॅराशूटनं समुद्रात उतरवली. त्या दिवशी मी नातवाला घेऊन टीव्हीसमोर, पाच सेकंद राहिले आणि कॉम्प्युटरनं थांबवलं. नातू म्हणतो आबा फेल गेलं. म्हटलं गप्प बस, ट्रिप चालू आहे, बायपास केलेली नाही. कारण शोधलं आणि दहा वाजता उडवलं. ऑगस्ट २०२५ ला चिनूक हेलिकॉप्टरमधनं पाच टनाच्या आसपासची नकली डबी टाकून पॅराशूट बघितले. एकूण दहा पॅराशूट आहेत, शेवटचे मोठे तीन, त्यातले दोन उघडले तरी भागतं. माणसं बसवायच्या आधी रिकामी उड्डाणं करायची, त्यात ती व्योममित्रा नावाची बाहुली बसवायची असं ठरलंय. २०१८ ला लाल किल्ल्यावरनं घोषणा झाली तेव्हा २०२२ म्हणाले होते, ते कधीच मागं पडलं, आमच्या कट्ट्यावर लोक चेष्टा करतात, मला पुढं ढकललं की बरं वाटतं. तरी नुसता उशीर झाला म्हणजे सगळं सुरक्षित असंही नाही हं, उशीर करून पण चूक ठेवणारे बघितलेत मी. माझं इस्रोकडं एकच मागणं आहे, काही बिघडलं की चौकशीचा रिपोर्ट अख्खाच्या अख्खा लोकांसमोर ठेवा, चॅलेंजरचा ठेवला, कोलंबियाचा ठेवला, म्हणून तर माझ्यासारखा सांगलीतला बॉयलरवाला ते वाचून तुला सांगू शकतोय.

बाकी मग हाडं झिजणं, महिन्याला एक-दीड टक्का, रोज दोन तास व्यायाम, रेडिएशन, डोळ्यांवर परिणाम, हे सगळं आहे पण ते महिनोन् महिने राहणाऱ्यांना. गगनयान तीन दिवसांचं, त्यात तेवढा प्रश्न नाही. जाणं आणि येणं, जीव तिथंच टांगलेला असतो, मधलं त्या मानानं शांत.

आता तुझ्या पोरीचं. एक हिशोब कर. गगनयानासाठी निवडलेले चौघेही हवाई दलाचे टेस्ट पायलट. शुभांशु एनडीएतनं २००६ ला हवाई दलात आला आणि वर गेला तेव्हा ३९ वर्षांचा होता. तुझी १७ ची आहे. म्हणजे तू जी गोष्ट होऊ नये म्हणून ओटीपी डिलीट केलास ती झालीच तर २२ वर्षांनी होणार, आणि त्या आधी एनडीएची परीक्षा, एसएसबीची मुलाखत, मेडिकल, फ्लाइंग, प्रत्येक पायरीला कितीतरी घरी जातात. तू लग्नाच्या जेवणाला भिऊन साखरपुडाच मोडलास. शिवाय आता काही मुलींना दार बंद नाही, एनडीएची मुलींची पहिली तुकडी मे २०२५ ला बाहेर पडली, १७ जणी. परीक्षा वर्षातनं दोनदा असते आणि वयही तिच्या बाजूनं आहे, तेव्हा तुझ्या हातनं कायमचं काही मोडलेलं नाही, सहा महिने गेलेत. पण ते सहा महिने तिचे गेलेत, तुझे नाहीत, हे विसरू नको.

लढाऊ विमान उडवणं पण धोक्याचंच आहे, ते तुला खोटं सांगत नाही. त्याचं तू पोरीशी बोल, बापाला बसव, आजीला बसव, सगळ्यांनी काय ते बोलून टाका. ती ऐकून घेईल का माहीत नाही, बारावीची पोरं, पण निदान तिला कळेल की घरात विरोध कोणाचा आहे आणि का आहे. भांडायला समोर माणूस तरी मिळेल, आत्ता बिचारी साईटला शिव्या घालतीय.

आणि तू ज्या धोक्यानं रात्रभर जागतीस त्याच्याआधी एक रोजचा आहे तो बघ. क्लासला कशानं जाते ती? मोपेडच असणार. विश्रामबागेतनं मिरज रस्त्यानं संध्याकाळी सात-साडेसातला येते, सीझन चालू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, ऊस चारी बाजूनं बाहेर, आणि आपल्या पोरी स्कार्फ गुंडाळून, हेल्मेट डिकीत. अंतराळात जाणारा माणूस सूट घातल्याशिवाय सीटवर बसत नाही, हे तिला सांग, आईचं नाही ऐकणार पण हे ऐकेल. हेल्मेट आयएसआय मार्कचं, पट्टा लावून. ट्रॉलीवाल्यांना रिफ्लेक्टर लावा म्हणून मी दर सीझनला सांगतो, ते मला येडा म्हणतात, असू दे.

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं कल्पनाचं नाव घेऊन पोरीला अडवू नका. तिला ज्यानं मारलं तो पाऊण किलोचा तुकडा आणि "यापूर्वी कुठं काय झालं" म्हणणारी चार माणसं, त्यांचं नाव घेऊन पोरीला शिकवा. नाहीतरी ती वर गेली नाही आणि खाली तिरुवनंतपुरमला इस्रोत बसून ग्लास उडवून बघणारी इंजिनिअर झाली, तरी मला चालतंय, उलट जास्त चालतंय. पण ते तिनं ठरवायचं.

ता. क. चं उत्तर. दाखव की, पण आज नको. आधी ओटीपीचं तू स्वतःच्या तोंडानं सांग, दोघीच असताना, स्वयंपाकघरात वगैरे. चार दिवस बोलणार नाही ती तुझ्याशी. बोलायला लागली की मग दाखव. आणि पुढचा फॉर्म निघाला की मोबाईल नंबर तिचा स्वतःचा टाकायला सांग.

– आबा, गावभाग